श्वसनविकाराच्या रुग्णाची शुश्रूषा: आधी श्वास मोजा, मग आकडा वाचा

धाप लागलेल्या रुग्णाजवळ गेले की परिचारिकेचा हात सर्वांत आधी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडे जातो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की पडद्यावर ९६ दिसले की मन निर्धास्त होते आणि पावले पुढच्या खाटेकडे वळतात. त्याच रुग्णाचा श्वास मिनिटाला २८ वेळा चाललेला असतो, मानेचे स्नायू ताणलेले असतात आणि पाणी पिताना तो दोन घोटांच्या मध्ये दम खायला थांबत असतो. पण यातले काहीच नोंदवहीत उतरत नाही. फुप्फुसे कमी पडू लागली की शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून तूट भरून काढते, आणि ही भरपाई जमते तोवर रक्तातील ऑक्सिजनचा आकडा चांगलाच दिसत राहतो. तो घसरतो तेव्हा रुग्णाची ताकद संपत आलेली असते. त्यामुळे खाली सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक कृतीच्या आधी आणि नंतर एक काम पुन्हा पुन्हा येईल, ते म्हणजे श्वास मोजणे.

हे मार्गदर्शन वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांसाठी आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनाही त्यातला बराचसा भाग उपयोगी पडेल. औषधाचे प्रमाण, ऑक्सिजनचे लक्ष्य आणि नळ्यांसंबंधीचे निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखी आदेशानुसारच घ्यावेत.

श्वास कसा मोजावा आणि कसा पाहावा

आपला श्वास कोणी मोजत आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहण्यासाठी मनगट धरावे, नाडी मोजून झाल्यावरही हात तसाच ठेवावा आणि नजर छातीवर किंवा पोटावर स्थिर करून पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मार्ग येथे फसवा ठरतो, कारण एका श्वासाची चूक चार श्वासांची होते आणि अनियमित श्वास तर अजिबात लक्षात येत नाही. प्रौढ माणसाचा शांत असतानाचा वेग मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तयार केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक, तसेच ८ किंवा त्याहून कमी श्वासांना या निकषातील सर्वाधिक ३ गुण दिले जातात. म्हणजे एवढ्या एका नोंदीवरूनही डॉक्टरांना बोलावणे रास्त ठरते. मुलांचे मोजमाप वेगळे असते. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाचा श्वास दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा. बाळ रडत असताना मोजलेला आकडा विश्वासार्ह नसतो.

संख्येइतकेच महत्त्व श्वासाच्या कष्टांना असते. बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, खांदे वर उचलले जातात का, रुग्ण पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकून बसला आहे का, हे पाहावे. त्याला साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर एका दमात पूर्ण होते की शब्दाशब्दाला तुटते हे ऐकावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही आणि दम्याचा झटका किती तीव्र आहे याचा अंदाज यातूनच सर्वांत लवकर येतो. श्वास सोडताना येणारा शिटीसारखा आवाज लहान श्वासनलिका आकुंचन पावल्याचे सांगतो. श्वास घेताना घशाजवळून येणारा कर्कश आवाज वरच्या श्वासमार्गातील अडथळा दाखवतो, आणि तो ऐकू आला की नोंदवही बाजूला ठेवून आधी मदत मागवावी. दम्याच्या रुग्णाची मघाशी ऐकू येणारी घरघर एकाएकी थांबली आणि रुग्ण मात्र दमलेलाच असला, तर ती सुधारणा समजू नये. आवाज होण्याइतकीही हवा आत जात नसल्याचे ते लक्षण असू शकते.

वेग कमी झाला तरी असाच विचार करावा. मघाशी ३४ असलेला श्वास आता १८ वर आला असेल, तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो सैलावून टेकला असेल आणि नीट बोलत असेल तर उपचार लागू पडला आहे. त्याचे डोळे मिटत असतील, हाकेला ओ उशिरा येत असेल आणि घाम फुटला असेल, तर श्वासाचे स्नायू थकले आहेत. रक्तातील वायूंच्या तपासणीतही हाच घोटाळा होतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्यतः ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. पण दम्याच्या तीव्र झटक्यात रुग्ण वेगाने श्वास घेत असल्याने तो ३५ पेक्षा खाली असायला हवा. अशा वेळी अहवालात ४२ आले तर तो आकडा 'सामान्य' या रकान्यात बसतो खरा, पण रुग्ण अतिदक्षता विभागाच्या दाराशी पोहोचलेला असतो.

वागण्यातील बदल नोंदवण्यात आपण कमी पडतो असे मला वाटते. अस्वस्थ होऊन चादर ओढणारा, मास्क काढून फेकणारा रुग्ण 'सहकार्य करत नाही' असे लिहिले जाते, पण त्याच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असण्याची शक्यता आधी तपासावी. सकाळची डोकेदुखी, गुंगी, उबदार हात, उसळती नाडी आणि हात पुढे धरायला सांगितल्यावर मनगटांची होणारी फडफड ही कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणे आहेत. वृद्धांमध्ये न्यूमोनिया कित्येकदा ताप किंवा खोकल्याऐवजी केवळ गोंधळलेपणाने प्रकट होतो.

ऑक्सिमीटरला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. फक्त त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात. थंड पडलेली बोटे, नखांना लावलेला रंग, हाताची थरथर आणि खूप कमी रक्तदाब यांमुळे आकडा चुकतो. गडद वर्णाच्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. धुरात सापडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असल्यास हे यंत्र त्याला ऑक्सिजन समजते आणि खोटा दिलासा देते. कार्बन डायऑक्साइडबद्दल तर ते काहीच सांगत नाही. नाडीचा यंत्रावरील आकडा आणि हाताने मोजलेली नाडी जुळत नसेल, तर त्या क्षणीचे ऑक्सिजनचे प्रमाणही ग्राह्य धरू नये. ओठांचा निळेपणा वर्णामुळे दिसत नसेल, तर ओठांच्या आतली बाजू आणि जीभ पाहावी.

रुग्णाला कसे बसवावे

औषध येईपर्यंत परिचारिकेच्या हातात असलेला सर्वांत जलद उपाय म्हणजे रुग्णाला नीट बसवणे. सपाट झोपलेल्या माणसाच्या पोटातील अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. बसते केल्यावर श्वासपटल खाली उतरायला जागा मिळते. खाटेचा डोक्याकडील भाग निदान ३० ते ४५ अंश आणि जास्त धाप असल्यास ६० ते ९० अंशांपर्यंत उचलावा. नुसती खाट उचलून भागत नाही. रुग्ण पायथ्याकडे घसरला असेल तर खाट वाकते तेथे त्याची कंबर न येता छाती येते, आणि तो बसल्यासारखा दिसत असूनही पोट दाबले जाते. म्हणून आधी त्याला वर सरकवून घ्यावे, मग खाट उचलावी, गुडघ्यांखाली छोटी उशी द्यावी आणि दोन्ही हात उशांवर टेकवावेत. पुढे वाकून बरे वाटत असल्यास समोर टेबल घेऊन त्यावर उशी ठेवावी. दोन मिनिटांनी श्वास पुन्हा मोजावा.

एकाच फुप्फुसात न्यूमोनिया असलेल्या प्रौढ रुग्णाला चांगले फुप्फुस खाली येईल अशा कुशीवर झोपवल्यास ऑक्सिजनचे प्रमाण बहुधा सुधारते, कारण खालच्या फुप्फुसाला रक्तपुरवठा अधिक होतो. मात्र एका फुप्फुसातून खूप रक्त येत असेल किंवा त्यात पू साठून फुटण्याची भीती असेल, तर नियम उलटतो: आजारी बाजू खाली ठेवावी, म्हणजे रक्त किंवा पू चांगल्या फुप्फुसात जाणार नाही. अगदी लहान बाळांना प्रौढांचा हा नियम तसाच लावू नये. तीव्र एआरडीएसमध्ये (दोन्ही फुप्फुसांना एकाएकी सूज येऊन ऑक्सिजन खूप घसरतो त्या आजारात) व्हेंटिलेटरवरील रुग्णाला दिवसातून १६ तास किंवा अधिक पालथे ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण घटते असे २०१३ मधील एका मोठ्या चाचणीत दिसले होते. पण ते काम पुरेशी माणसे आणि सराव असलेल्या पथकाचेच आहे.

ऑक्सिजन देताना

ऑक्सिजन हे औषध आहे. त्याला आदेश लागतो, प्रमाण लागते आणि थांबवण्याची वेळही ठरलेली असावी लागते. तीव्र आजारी असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ऑक्सिमीटरवरील लक्ष्य ९४ ते ९८ टक्के ठेवले जाते, तर सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार) किंवा कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी ८८ ते ९२ टक्के. हे लक्ष्य तक्त्यावर ठळक लिहिलेले नसेल तर कामाची पाळी सुरू होतानाच विचारून लिहून घ्यावे, कारण रात्री ९० हा आकडा पाहून घाबरलेली परिचारिका प्रवाह वाढवते आणि पहाटे रुग्ण गुंगीत सापडतो.

असे का होते हे समजून घेतल्यास नियम पाठ करावा लागत नाही. सीओपीडीमध्ये फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट पोहोचत नाही, तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त चांगल्या भागांकडे वळवतात. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की या रक्तवाहिन्या सैलावतात, हवा न खेळणाऱ्या भागांत रक्त जाऊ लागते आणि तेथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. त्यातच ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देते. श्वास घेण्याची प्रेरणा मंदावणे हे केवळ एक कारण आहे, आणि सर्वांत मोठे नव्हे. याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी: सीओपीडीचा रुग्ण ७८ टक्क्यांवर असताना केवळ या भीतीने ऑक्सिजन रोखून धरणे ही घातक चूक आहे. तो द्यावाच, लक्ष्य गाठेपर्यंतच द्यावा आणि रुग्णाजवळून हलू नये.

नाकातील नळीने मिनिटाला १ ते ६ लिटर ऑक्सिजन देता येतो आणि त्यातून साधारण २४ ते ४४ टक्के ऑक्सिजन मिळतो. रुग्ण किती वेगाने आणि किती खोल श्वास घेतो त्यानुसार हे प्रमाण बदलते. साध्या मास्कचा प्रवाह मिनिटाला ५ लिटरपेक्षा कमी कधीही ठेवू नये, कारण मग रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास मास्कमधून पुन्हा आत घेतो. ऑक्सिजनचे ठरावीक प्रमाण देणाऱ्या व्हेंचुरी मास्कमध्ये ते प्रमाण त्याच्या रंगीत तोंडावरून ठरते: निळे २४, पांढरे २८, नारिंगी ३१, पिवळे ३५, लाल ४० आणि हिरवे ६० टक्के, असे रंग बहुतेक ठिकाणी असतात; तरीही प्रत्येक तोंडावर छापलेली टक्केवारी आणि प्रवाह वाचूनच लावावा. पिशवी असलेल्या मास्कला १० ते १५ लिटर प्रवाह लागतो. तो चेहऱ्यावर बसवण्यापूर्वी पिशवी पूर्ण फुगू द्यावी, आणि श्वास घेताना ती चपटी होत असेल तर प्रवाह अपुरा आहे असे समजावे.

नळी लावल्यावर मागची बाजू तपासायची राहून जाते. फ्लोमीटरमधील गोळीचा मध्य इच्छित रेषेवर आहे का, नळी खाटेच्या कठड्यात चेपली नाही ना, ती भिंतीवरच्या ऑक्सिजनच्याच तोंडाला जोडली आहे ना, की चुकून दाबाखालील हवेच्या? ही शेवटची अदलाबदल वाटते तितकी दुर्मीळ नाही. सिलिंडरवर रुग्ण हलवायचा असल्यास आधी हिशेब करावा: मिनिटाला १० लिटर म्हणजे तासाला ६०० लिटर, सिलिंडरमध्ये उरलेल्या लिटरना प्रवाहाने भागले की मिनिटे मिळतात, आणि लिफ्ट अडकण्यासारख्या खोळंब्यासाठी प्रवासाच्या अंदाजे वेळेच्या दुप्पट साठा हाताशी असावा.

कानांमागे, गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर नळीचे वळ पडतात; दर पाळीत ती जागा पाहावी आणि मऊ पट्टी ठेवावी. कोरड्या पडलेल्या नाकपुड्यांना पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नये, पाण्यावर आधारित जेल वापरावे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगीचा भडका होतो. म्हणून विडी-सिगारेट, दिवा, उदबत्ती यांना जवळपास थारा नसावा, आणि अल्कोहोलयुक्त द्रव हातांना चोळल्यावर हात पूर्ण वाळेपर्यंत ऑक्सिजनच्या जोडण्यांना हात लावू नये.

नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मास्कने दाबाखाली श्वास देण्याची वेळ आली, तर पहिल्या तासात परिचारिकेने खाटेपासून दूर जाऊ नये. मास्क सुरू करण्यापूर्वी तो रुग्णाच्या हातात देऊन स्वतःच चेहऱ्यावर धरायला सांगावे, पट्टे नंतर बांधावेत. गुदमरण्याची भीती त्यामुळे बरीच कमी होते. नाकाच्या उंचवट्यावर व्रण पडू नये म्हणून संरक्षक पट्टी सुरुवातीपासूनच लावावी. उलटी होईलसे वाटताच मास्क ताबडतोब काढता आला पाहिजे.

श्वासातून द्यायची औषधे

नेब्युलायझर (औषधाचा बारीक तुषार करणारे यंत्र) देताना रुग्ण बसलेला असावा आणि औषधाचा कप उभा असावा. वायूचा प्रवाह मिनिटाला ६ ते ८ लिटर ठेवल्यास औषधाचे थेंब लहान श्वासनलिकांपर्यंत जाण्याइतके बारीक होतात. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्या रुग्णाचे नेब्युलायझर दाबाखालील हवेवर चालवावे आणि लागणारा ऑक्सिजन त्याच वेळी नाकातील नळीने द्यावा. श्वासनलिका रुंदावणाऱ्या सालब्युटामॉलने हात थरथरतात आणि नाडी जलद होते. हे रुग्णाला आधीच सांगितले तर तो घाबरत नाही. वारंवार मात्रा दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, त्यामुळे त्याच्या तपासणीची आठवण डॉक्टरांना करून द्यावी. इप्राट्रोपियम हे तशाच कामाचे दुसरे औषध देताना काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यांत वाफ जाऊ नये म्हणून मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरावी. श्वास, नाडी आणि आवाज आधी व नंतर असे दोनदा नोंदवले, तरच औषधाचा परिणाम झाला की नाही हे पुढच्या पाळीला कळते.

इनहेलरबाबत 'मला येते' या उत्तरावर विश्वास ठेवू नये. रुग्णाला ते वापरून दाखवायला सांगावे. फवाऱ्याचा इनहेलर हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, इनहेलरला जोडलेल्या पोकळ नळीचे, म्हणजे स्पेसरचे, तोंड ओठांत घट्ट धरावे, एकच फवारा दाबून हळू आणि खोल श्वास घ्यावा, सुमारे १० सेकंद रोखावा आणि दुसऱ्या फवाऱ्यापूर्वी निदान ३० सेकंद थांबावे. भुकटीच्या इनहेलरची रीत नेमकी उलट असते: तेथे श्वास जोरात आणि झटकन ओढावा लागतो, आणि उपकरणात फुंकर मारली तर ओलाव्याने भुकटीच्या गुठळ्या होतात. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकार असतात त्यांची गफलत हमखास होते. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता हवेत वाळवावा. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध भिंतींनाच चिकटून राहते.

कफ सुटण्यासाठी

क्रम असा ठेवावा: आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध, मग दहा-पंधरा मिनिटांनी कफ काढण्याचे प्रयत्न. सततच्या कोरड्या ठसक्याने रुग्ण दमतो आणि कफ जागचा हलत नाही. त्याऐवजी हुंकारी खोकला शिकवावा. मध्यम खोल श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद थांबायचे, आणि आरशावर वाफ धरायची असल्यासारखे तोंड उघडे ठेवून 'हा' असा जोरकस उच्छ्वास दोनदा सोडायचा. कफ घशाजवळ आल्याचे जाणवले की एकदाच जोराने खोकायचे. पोटावर किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेली असेल तर जखमेवर उशी घट्ट धरायला द्यावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभर थोडे थोडे पाणी प्यायला लावावे, त्याने कफ पातळ राहतो.

पाठीवर थापट्या देताना तळहाताचा द्रोण करावा आणि मनगट सैल ठेवावे. योग्य थापटीचा आवाज पोकळ येतो, चापटीसारखा येत नाही. पाठीचा कणा, छातीचे मधले हाड, स्तन आणि कमरेवरील मूत्रपिंडांची जागा टाळावी. जेवणाआधी किंवा जेवणानंतर दोन तासांनीच हे करावे. थुंकीतून रक्त येत असेल, बरगडी मोडलेली असेल, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा रक्त गोठण्यात दोष असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थापट्या देऊ नयेत.

कफाचा रंग, प्रमाण, वास आणि घट्टपणा लिहावा. नुसते 'कफ आहे' या नोंदीला काही अर्थ नाही. गंजासारखा तांबूस कफ न्यूमोनियात दिसतो, तर गुलाबी फेसाळ कफ फुप्फुसात पाणी झाल्याचे सुचवतो आणि तातडीची मदत मागतो. तपासणीसाठी नमुना सकाळी, साध्या पाण्याने चूळ भरून झाल्यावर, छातीतून खोकून काढलेला असावा. लाळेचा नमुना प्रयोगशाळेला निरुपयोगी असतो.

सक्शन आणि ट्रॅकिओस्टॉमी

सक्शन, म्हणजे श्वासमार्गातील कफ नळीने ओढून काढणे, घड्याळ पाहून करू नये. नळीतून खळखळ ऐकू येणे, कफ दिसणे, ऑक्सिजन घसरणे, श्वासाचा वेग किंवा कष्ट वाढणे ही त्याची कारणे आहेत. प्रौढांसाठी दाब ८० ते १२० मिलिमीटर पारा ठेवावा आणि कफ घट्ट असला तरी १५० च्या पुढे जाऊ नये. सक्शनच्या नळीची जाडी श्वासमार्गात बसवलेल्या नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी, म्हणजे आतील व्यास ८ मिलिमीटर असेल तर १२ क्रमांकाची (४ मिलिमीटर जाडीची) नळी पुरते. रुग्णाला काय करणार ते सांगावे, ३० ते ६० सेकंद जास्त ऑक्सिजन द्यावा, नळी आत घालताना दाब बंद ठेवावा, आणि फक्त बाहेर काढताना तो सुरू करावा. आत घालण्यापासून बाहेर काढेपर्यंत १० सेकंद, फार तर १५. स्वतःचा श्वास त्या वेळी रोखून धरला तर रुग्णाला काय वाटत असेल ते लगेच कळते. नाडी मंदावली किंवा ऑक्सिजन झपाट्याने घसरला तर तेथेच थांबून ऑक्सिजन द्यावा. कफ सैल करण्यासाठी दर वेळी नळीत सलाइन सोडण्याची जुनी पद्धत आता नेहमीच्या कामात वापरू नये. त्याऐवजी श्वासातील हवा दमट ठेवावी.

ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली नळी) असलेल्या रुग्णाच्या उशाशी त्याच मापाची आणि एक माप लहान अशा दोन राखीव नळ्या, त्या बसवण्याची दांडी, सक्शन आणि ऑक्सिजन तयार असावे. हे साहित्य कपाटात असून चालत नाही. ते खाटेवरून हात लांबवला की मिळाले पाहिजे. नळीभोवतीच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असल्याचे मापकाने तपासावे, बोटाने चाचपून नव्हे. मानेचे बंद बदलताना दोघींनी काम करावे, एकीने नळी धरून ठेवावी. रुग्णाला एकाएकी श्वास घेता येईनासा झाला तर मदत मागवून आतली नळी काढावी आणि सक्शनची नळी खाली जाते का पाहावे. ती जात नसेल तर फुगा रिकामा करावा आणि तोंड व गळ्याचे छिद्र या दोन्ही ठिकाणी ऑक्सिजन धरावा. पहिल्या आठवड्यात नळी बाहेर आली तर मार्ग पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून ती आंधळेपणाने परत घुसवू नये. या रुग्णाला हाक मारता येत नाही, हे मात्र रोजच्या गडबडीत विसरले जाते. घंटा त्याच्या हाताखाली, पाटी आणि पेन त्याच्या नजरेसमोर ठेवल्याशिवाय खोली सोडू नये.

छातीत नळी असेल तर

फुप्फुसाभोवती साचलेली हवा किंवा पाणी काढण्यासाठी छातीत घातलेली नळी पाणी असलेल्या बाटलीला जोडलेली असते. ही बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली असावी आणि नळीचे टोक पाण्याखाली सुमारे २ सेंटिमीटर बुडलेले असावे. श्वासाबरोबर नळीतील पाणी वरखाली हलते. ते हलायचे थांबले, तर नळी पिळली आहे, गुठळीने बंद झाली आहे किंवा फुप्फुस पूर्ण फुलले आहे. यांतले कोणते, हे रुग्णाकडे पाहून आणि क्ष-किरणावरून ठरते. बुडबुडे येत असलेली नळी हलवाहलवीसाठी चिमट्याने बंद करू नये, कारण अडकलेली हवा छातीत साठून हृदयावर दाब देऊ शकते. जोडणी सुटली तर नळीचे टोक निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत बुडवावे आणि रुग्णाला खोकायला सांगावे. बऱ्याच दिवसांचे साचलेले पाणी एका दमात १ ते १.५ लिटरहून अधिक काढले जाऊ नये, हे बाटलीकडे लक्ष असलेल्या परिचारिकेलाच वेळेवर दिसते.

जेवण, तोंड आणि झोप

धाप लागलेल्या माणसाला गिळणे आणि श्वास घेणे एकाच वेळी जमत नाही. थोडे थोडे, मऊ आणि पौष्टिक अन्न दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे, जेवताना ऑक्सिजन मास्कऐवजी नाकातील नळीने सुरू ठेवावा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे. ऑक्सिजनने आणि तोंडाने श्वास घेतल्याने तोंड कोरडे पडते. तोंडाची स्वच्छता दिवसातून अनेकदा करावी, विशेषतः व्हेंटिलेटरवरील रुग्णाची, कारण तोंडातील जंतू खाली उतरून न्यूमोनिया होतो. झोप येत नाही म्हणून रुग्ण गोळी मागतो तेव्हा ती देण्याआधी श्वास मोजावा आणि डॉक्टरांना विचारावे.

क्षयाचा संशय असेल तर रुग्णाला साधा शस्त्रक्रियेचा मास्क, परिचारिकेला चेहऱ्यावर नीट बसणारा एन९५ आणि खोलीला उघड्या खिडक्या हव्यात.

धाप आणि भीती

श्वास अडकला की भीती वाटते, भीतीने श्वास आणखी उथळ होतो. 'घाबरू नका' असे सांगून हे चक्र तुटत नाही. रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, हात त्याच्या खांद्यावर ठेवावा आणि आपणच संथ श्वास घेत त्याला सोबत घ्यायला सांगावे: दोन अंक मोजेपर्यंत नाकाने आत, चार अंक मोजेपर्यंत शीळ घालताना करतो तसे ओठ करून बाहेर. ओठांच्या या अडथळ्यामुळे लहान श्वासनलिका श्वास सोडताना लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. छोट्या पंख्याचा झोत गालावर आणि नाकाजवळ सोडल्याने धाप कमी जाणवते. चेहऱ्यावरील मज्जातंतूंना थंड हवा लागल्याचा तो परिणाम आहे. अशा वेळी त्याला बोलते करू नये, मानेने हो-नाही म्हणता येईल असेच प्रश्न विचारावेत.

पाळी सोपवताना

'रुग्ण ठीक आहे, ऑक्सिजनवर आहे' एवढे सांगून पाळी सोपवू नये. मिनिटाला किती श्वास आणि चार तासांपूर्वी किती होते, किती लिटरवर आणि कोणत्या साधनाने किती टक्के राहतात, ठरलेले लक्ष्य काय, एका दमात किती शब्द बोलतो, कफ कसा आणि किती निघाला, शेवटचे नेब्युलायझर केव्हा दिले आणि त्यानंतर काय फरक पडला, हे सांगावे. दोन लिटरवर ९५ टक्के असलेला रुग्ण संध्याकाळी सहा लिटरवर ९५ टक्के असेल, तर टक्केवारीच्या रकान्यात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. म्हणून प्रवाह आणि टक्केवारी एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहावी. त्यानंतर येणाऱ्या परिचारिकेला सोबत घेऊन खाटेजवळ जावे, आणि दोघींनी मिळून एक मिनिट श्वास मोजावा.